कॉर्ड धरली तरी तार स्वच्छ का वाजत नाही?

सोलापुरात संध्याकाळचे गिटारचे वर्ग घेताना गेली कित्येक वर्षे मी एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकत आलो आहे: बोटे चित्रात दाखवल्याप्रमाणे ठेवली, जोरही लावला, तरी कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा गट) स्वच्छ वाजत नाही. तक्रार एक असली तरी तिच्यामागचा दोष प्रत्येक वेळी तोच नसतो, आणि विद्यार्थी मात्र सगळ्या दोषांवर एकच उपाय करतो, तो म्हणजे आणखी जोर. त्या जोराआधी काय काय पाहावे हे पुढे लिहिले आहे. तपासण्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की सुरुवातीच्यांना एक पैसाही लागत नाही आणि शेवटच्यांपर्यंत बहुतेकांना जावेच लागत नाही.

लक्षणे

तार भणभणते. किंवा तार अजिबात वाजत नाही, नुसता ठप्प असा मुका आवाज येतो. एकेक बोट ठेवले तर ठीक वाजते, पण तिन्ही बोटे ठेवली की मधली एखादी तार हरवते. ट्यूनरवर (सूर तपासणाऱ्या साधनावर) सगळ्या तारा बरोबर दिसतात, पण कॉर्ड धरली की बेसूर लागते. एफ कॉर्ड महिना झाला तरी येत नाही. बोटांची टोके, अंगठ्याचा बुंधा किंवा मनगट दुखते. यातली दोन-तीन लक्षणे एकत्र असणे नेहमीचेच आहे.

पुढे जाण्यापूर्वी दोन शब्दांचा अर्थ पक्का करू. फ्रेट म्हणजे मानेवर आडवी बसवलेली धातूची सळी, आणि दोन सळ्यांमधल्या जागेला मी येथे घर म्हणेन. वर्गात आपण दोन्हींना फ्रेटच म्हणतो, त्यामुळे ‘दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेव’ म्हटले की नवा विद्यार्थी आज्ञाधारकपणे सळीवरच बोट ठेवतो आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. तारा मोजताना सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड तार सहावी. सगळे वर्णन उजव्या हाताने छेडणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.

आधी दोष कोणत्या तारेत आहे ते शोधा

कॉर्ड धरून सर्व तारांवर एकदम हात मारू नका. सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडा आणि प्रत्येक तार विझेपर्यंत ऐका. एकदम वाजवलेल्या सहा तारांत एक तार मुकी असली तर कानाला नुसते ‘काहीतरी बिनसले आहे’ एवढेच कळते, आणि मग विद्यार्थी सगळीच बोटे उचलून पुन्हा ठेवतो, म्हणजे जी दोन बोटे बरोबर होती तीही हलवतो. दोष नेमक्या कोणत्या तारेत आहे हे कळले की बहुतेक वेळा एकच बोट दोन मिलिमीटर सरकवून काम भागते.

आता आवाजाची जात ओळखायची. भणभण ऐकू आली तर तार कुठेतरी धातूला अर्धवट लागते आहे: एकतर बोटाखाली ती फ्रेटवर पक्की बसलेली नाही, किंवा कंप पावताना पुढच्या एखाद्या फ्रेटला घासते आहे. आवाज मुका आला तर तारेला काहीतरी मऊ लागते आहे, आणि ते मऊ म्हणजे बहुधा शेजारच्याच बोटाचे मांस. हा फरक लक्षात ठेवला तर पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात, कारण भणभणीचा उपाय मुक्या तारेवर चालत नाही. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या एका पालकांनी मला विचारले होते की तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कारागीर मुद्दाम साधतो, मग गिटारला थोडी आली तर बिघडले काय? प्रश्न चांगला आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा पसरट आणि किंचित उतरता असतो, तार त्यावर हलकेच टेकत राहते, आणि त्या टेकण्यातूनच तो झंकार फुलतो. मिरजेच्या कारागिरांचे कसब त्यातच आहे. गिटारची तार मात्र फ्रेटच्या अरुंद माथ्यावरून एकाच बिंदूपासून सुटावी अशी रचना असते, त्यामुळे तिथली भणभण स्वर खुलवत नाही, खाऊन टाकते.

आणखी एक परीक्षा याच वेळी करून घ्यावी. डावा हात पूर्ण बाजूला काढा आणि सहाही तारा मोकळ्या छेडा. मोकळी तारही भणभणत असेल तर तुमच्या डाव्या हाताचा त्यात काहीही दोष नाही आणि त्याला शिक्षा करण्याचे कारण नाही. मग ट्यूनिंग, उजवा हात किंवा गिटार यांच्याकडे पाहायचे. कधी कधी तर भणभण तारेची नसतेच: खुंटीचा सैल झालेला नट, डोक्याकडे लोंबणारे तारेचे टोक किंवा शर्टाचे बटण एखाद्या ठरावीक स्वराला थरथरते. तिथे बोट टेकवले आणि आवाज थांबला की चोर सापडला.

ट्यूनिंग

सैल तार जास्त रुंद हेलकावते आणि फ्रेटला घासते, म्हणून हात सुधारण्याआधी तार सुरात हवी. मोबाइलवरचा मोफत ट्यूनर पुरतो, पण तो पुष्कळदा फक्त स्वराचे अक्षर दाखवतो, आणि ई हे अक्षर सहाव्या तारेचेही आहे आणि पहिलीचेही. सहावी तार सुमारे ८२ हर्ट्झवर असते तर पहिली सुमारे ३३० वर, म्हणजे बरोबर दोन सप्तके वर. मधल्या तारा अनुक्रमे ११०, १४७, १९६ आणि २४७ हर्ट्झच्या आसपास. चौथी तार एक पूर्ण सप्तक खाली लावून ‘ट्यूनर तर हिरवा दाखवतो’ म्हणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ती तार इतकी ढिली होती की बोटाने हलवली तर शेजारच्या तारेला लागावी. ट्यूनर हर्ट्झ दाखवत असेल तर आकडा पाहा, अक्षरावर विसंबू नका. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जाऊन उतरत राहतात. तो दोष नव्हे.

नखे

डाव्या हाताची नखे इतकी लहान हवीत की बोटाचे टोक टेबलावर उभे टेकवले तर नख लाकडाला लागू नये. नख लांब असले की बोट उभे राहू शकत नाही, ते आडवे पडते, आणि आडव्या बोटाचे मांस शेजारच्या तारेवर जाते. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एक विद्यार्थिनी दोन आठवडे सी कॉर्डवर अडकलेली पाहिली आहे; तिने नखे कापली त्याच दिवशी तिसरी तार मोकळी झाली. उजव्या हाताची नखे ठेवायची तर ठेवा.

बोट घरात नेमके कुठे आहे

माझ्या अनुभवात सर्वाधिक दुरुस्त्या याच जागी होतात, म्हणून येथे थोडे थांबतो.

बोट घराच्या मध्यभागी नको आणि सळीच्या माथ्यावरही नको. ते गिटारच्या पोटाकडच्या सळीला जवळजवळ चिकटून, पण तिच्या अलीकडे हवे. दुसऱ्या घरात दाबायचे असेल तर दुसऱ्या सळीच्या अगदी मागे. कारण सरळ आहे. स्वर बोटाखाली तयार होत नाही, तो सळीच्या माथ्यावर तयार होतो. बोटाचे काम तारेला त्या माथ्यावर घट्ट बसवून ठेवण्याचे. बोट सळीजवळ असले की थोड्या दाबातही तार माथ्यावर घट्ट बसते. बोट मागे, घराच्या दुसऱ्या टोकाला असले की तोच दाब दोन सळ्यांत वाटला जातो, पुढच्या सळीवर तार हलकी टेकते आणि भणभणते. बोट सळीच्या वर चढले तर भणभण जाते, पण आता मांस कंप पावणाऱ्या भागाला लागते आणि आवाज मुका होतो.

हे नुसते वाचून पटत नाही, करून पाहावे लागते. तिसऱ्या तारेवर पाचव्या घरात तर्जनी ठेवा, घराच्या मागच्या टोकाला. तारेला नुसता स्पर्श करा, दाबू नका, आणि उजव्या हाताने ती सारखी छेडत राहा. आता दाब अगदी सावकाश वाढवा: आधी ठप्प, मग भणभण, मग एका क्षणी स्वच्छ स्वर. तो दाब बोटात लक्षात ठेवा. बोट पुढच्या सळीजवळ नेऊन हेच पुन्हा करा. स्वच्छ स्वर किती लवकर येतो हे पाहून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य दिसते ते मला अजून जुने झालेले नाही. स्वर स्वच्छ झाल्यानंतर लावलेला प्रत्येक अधिक जोर वाया जातो, किंबहुना नुकसानच करतो, कारण तार जास्त दाबली किंवा बाजूला ओढली गेली की तिचा ताण वाढून स्वर चढतो. ट्यूनरवर सगळे बरोबर असूनही कॉर्ड बेसूर लागण्याचे हे पहिले कारण आहे.

हा मुद्दा मला स्वतःला जितका नेमका एका विडी कामगार मावशींनी शिकवला तितका कोणी शिकवला नाही. त्यांच्या मुलीची गिटार पाहायला मी घरी गेलो होतो. मावशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. पानावर तंबाखू पसरून ते बोटांच्या टोकांनी गुंडाळायचे, दोरा फिरवायचा आणि विडी बाजूला टाकायची, नजर मात्र आमच्याकडे. मुलगी तार दाबताना नखे पांढरी होईपर्यंत जोर लावत होती. ते पाहून त्या म्हणाल्या, “एवढं दाबलं तर पान फाटतंय की गं. सुटू नये इतकंच धरायचं.” नखाखालचा रंग पांढरा पडला तर जोर जास्त होतो आहे ही खूण तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

बोटाचा कोन, अंगठा आणि तळवा

तार मुकी असेल तर ही तपासणी. सी कॉर्डमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मधले बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या घरात आणि अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात असते. तिसरी आणि पहिली तार मोकळी वाजायला हवी. व्यवहारात मधल्या बोटाचे मांस तिसरीला, तर्जनीचे पहिलीला आणि अनामिकेचे चौथीला लागते. उपाय बोट आणखी दाबण्याचा नाही. टोकाजवळचे पेर वाकवून बोट तारेवर उभे करण्याचा आहे. पेर आतल्या बाजूला खचत असेल, म्हणजे बोट दाबताच टोकाचा भाग सपाट होत असेल, तर काही दिवस एकेका बोटानेच सराव करावा.

पहिली तार डी किंवा सी कॉर्डमध्ये सतत मुकी राहत असेल आणि बोटे दोषी दिसत नसतील, तर तळव्याचा तर्जनीखालचा फुगीर भाग पाहा. मान मुठीत धरल्यासारखी पकडली की तो भाग खालून पहिल्या तारेला टेकतो आणि विद्यार्थ्याला वरून तो दिसत नाही. मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून समोरून अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करा. जे मला समोर बसून दिसते ते तुम्हालाही दिसेल. तळवा आणि मान यांत थोडी मोकळी जागा हवी आणि अंगठा मानेच्या मागे, साधारण तर्जनी व मधल्या बोटाच्या समोर टेकलेला हवा. अंगठा वरून डोकावला तर पाप होते असे मात्र नाही. तार ओढून स्वर वाकवताना अनुभवी वादक अंगठा वर घेतातच. नवशिक्याने तो आधी मागे ठेवावा, कारण अंगठा वर गेला की बोटांची पोच कमी होते.

आता या सगळ्याच्या मागे लपलेला एक दोष. बोटे दिसावीत म्हणून नवा विद्यार्थी गिटार स्वतःकडे कलती करतो, जणू ताट तिरके धरले आहे. गिटार कलती झाली की मान दूर जाते, मनगट काटकोनाइतके दुमडते, आणि दुमडलेल्या मनगटाची बोटे ना उभी राहतात ना मोकळी हलतात. मऊ दिवाणावर मागे रेलून बसले तर हे हमखास घडते. हात नसलेली साधी खुर्ची घ्या, गिटारचे पोट आपल्या पोटाला समांतर ठेवा, मानेचे डोके खांद्याच्या उंचीकडे थोडे वर न्या, आणि बोटे न पाहता आवाजावरून ओळखायला शिका. पायाखाली दोन विटा किंवा जाड पुस्तके ठेवूनही चालते. डाव्या हाताने गिटारचे वजन पेलायचे नसते. उजवा हात गिटारच्या पोटावर असताना डावा हात सोडून दिला तरी गिटार पडता कामा नये.

उजवा हात

दोष डाव्या हाताचा समजून उजव्याकडे कोणी पाहतच नाही. कॉर्ड मऊ छेडली तर स्वच्छ आणि जोरात हाणली तर भणभणते, असे असेल तर तार नुसती जास्त हेलकावते आहे. पातळ पिक (तार छेडण्याची लहान पट्टी) घ्या, ०.५ ते ०.७ मिलिमीटरचा, त्याचे थोडेसेच टोक बाहेर ठेवा, आणि कोपरातून हातोडी मारण्याऐवजी मनगट झटका. ठेका चुकत असेल तर तार छेडायची नसतानाही हात खाली-वर चालू ठेवावा. थांबलेला हात पुन्हा वेळेवर सुरू होत नाही.

कॉर्ड बदलताना उशीर होतो, हा प्रश्न निराळा आहे, पण त्याचे उत्तर लहान आहे. सगळी बोटे उचलू नका. सी वरून ए मायनरला जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाहीत. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात येते. प्रत्येक जोडीत असे न हलणारे बोट आहे का ते आधी पाहा.

एफ आणि आडवी तर्जनी

बार कॉर्डमध्ये तर्जनीने सहाही तारा एकदम दाबायच्या असतात असे सांगितले जाते आणि त्या सांगण्यानेच हात आखडतो. एफ मध्ये पाचवी व चौथी तार तिसऱ्या घरात अनामिका व करंगळीने, आणि तिसरी दुसऱ्या घरात मधल्या बोटाने धरलेली असते. म्हणजे तर्जनीला प्रत्यक्षात सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा वाजवायच्या आहेत. मधली बाजू सैल राहिली तरी चालते. तर्जनी सपाट न ठेवता किंचित डोक्याकडे, तिच्या हाडाच्या कडेवर कलती करा. पेराची घडी नेमकी एखाद्या तारेवर आली तर ती तार मुकी होते. बोट थोडे वर-खाली सरकवून घडी दोन तारांमध्ये आणा. आणि अंगठ्याने चिमटा घेण्यापेक्षा कोपर मागे ओढून हाताच्या वजनाने मान स्वतःकडे येऊ द्या.

सराव पहिल्या घरापासून सुरू करू नका. सुमारे ६५ सेंटिमीटर तार असलेल्या नेहमीच्या गिटारवर पहिले घर सुमारे ३६ मिलिमीटरचे असते, पाचवे सुमारे २९ चे. शिवाय पहिल्या घरात नट (मानेच्या डोक्याकडची, तारा ज्या खाचांतून जातात ती आडवी पट्टी) जवळ असल्याने तार वाकवायला सर्वांत जड जाते. तोच आकार पाचव्या घरात धरा, स्वच्छ वाजू लागला की आठवड्याला एकेक घर मागे या. ‘माझी बोटे आखूड आहेत’ ही तक्रारही बहुतेक वेळा याच मार्गाने मिटते. दहा वर्षांच्या मुलाला मात्र लहान मापाची गिटारच द्यावी.

दुखणे: कुठपर्यंत चालवून घ्यावे

बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळणारच. सलग दीड तासापेक्षा दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटे वाजवा. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर कातडी मऊ असते तेव्हा नको. फोड आला तर तो बरा होईपर्यंत थांबा, घट्टे सोलू नका. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी रोज टोके डोळ्यांनी तपासावीत, कारण त्यांना फोड जाणवणार नाही.

पण दुखणे टोकांवरून आत सरकले तर गणित बदलते. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, अंगठ्याच्या बाजूचे मनगट वस्तू उचलताना दुखणे, बोट वाकवल्यावर खटकन अडकणे, हातातून वस्तू निसटणे: यातले काहीही असेल तर गिटार खाली ठेवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. मी येथे बोटांची ठेवण सुधारू शकतो, दबलेली नस नाही. मालीश करून, पट्टा बांधून वाजवत राहणे हा उपाय नव्हे. डॉक्टरांना दिवसभराचे कामही सांगा, कारण यंत्रमागावर, शिवणयंत्रावर किंवा संगणकावर आठ तास चाललेल्या हाताला संध्याकाळची गिटार हे शेवटचे निमित्त असते.

आता गिटारकडे

वरचे सगळे करूनही एखादी तार ऐकत नसेल तर दोष वाद्यात असण्याची शक्यता वाढते. पहिला खर्च तारांचा. गंजलेली, घामाने काळी पडलेली तार बोटांना खरखरीत लागते आणि स्वर बद्द देते. नवा संच घाला आणि नवशिक्यासाठी पहिली तार ०.०१० किंवा ०.०११ इंच जाडीची असलेला निवडा. मात्र नायलॉन तारांच्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलच्या नेहमीच्या संचाचा एकूण ताण ७० किलोच्या आसपास जातो, नायलॉनचा ४० च्या. तो फरक ब्रिज (पोटावर चिकटवलेली, तारा अडकवण्याची पट्टी) उखडून वसूल होतो.

दुसरी परीक्षा कॅपोची, म्हणजे मानेवर लावून सर्व तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याची. पहिल्या सळीच्या अगदी मागे कॅपो लावा आणि तीच कॉर्ड एक घर पुढे धरा. हात एकदम हलका झाला तर नटमधल्या खाचा उंच आहेत. तारा तिसऱ्या घरात दाबून पहिल्या सळीवरची फट पाहूनही हे कळते: केसाएवढी फट ठीक, त्याहून स्पष्ट दिसली तर नट उंच, फटच नसेल आणि मोकळी तार भणभणत असेल तर खाच खोल गेली आहे.

तिसरी, पोलादी पट्टीने बाराव्या सळीवरची तारेची उंची. स्टीलच्या तारांना सहावीखाली सुमारे २.५ आणि पहिलीखाली सुमारे २ मिलिमीटर. नायलॉनला सुमारे ४ आणि ३. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या घरात एकाच वेळी दाबून सातव्या सळीवरची फट पाहा. व्हिजिटिंग कार्डाची जाडी म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. तेवढी फट योग्य.

ही मापे सोलापुरात वर्षभर एकच राहत नाहीत. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडी होते, लाकूड आकसते, गिटारचे पोट बसते आणि तार खाली येऊन भणभणू लागते. याच काळात सळ्यांची टोके मानेच्या कडेला तळहाताला टोचू लागतात. कोरडेपणाची ही सर्वांत सोपी खूण. पावसाळ्यात उलट, पोट फुगून तार उंच होते. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका. आणि कुलरसमोर तर मुळीच नको: दिवसा ओला वारा, रात्री कुलर बंद झाल्यावर कोरडी उष्णता, असा रोजचा हेलकावा कोणत्याही लाकडाला मानवत नाही. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर उत्तम. ते जमत नसेल तर गिटार बंद पेटीत, घराच्या आतल्या भिंतीशी ठेवा.

येथे थांबा

मापे घेणे तुमचे काम, कापणे आणि घासणे नाही. नटच्या खाचा, सळ्या सपाट करणे, उचललेला ब्रिज, पिळलेली मान, पोटाला गेलेली भेग, यांना घरी हात लावू नये. खाच कानशीने एकदा जास्त उतरली की परत भरून येत नाही. ब्रिज उचलला आहे का हे पाहायला त्याच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवा. तो आत गेला तर त्याच दिवशी सगळ्या तारा ढिल्या करा. मानेतला ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारी धातूची दांडी) लोक मोबाइलवर पाहून फिरवतात. घड्याळाच्या दिशेने आवळल्यास मान मागे जाते आणि फट कमी होते एवढे खरे, पण काही स्वस्त गिटारींत तो फिरवण्याजोगा नसतोच, आणि अडलेला रॉड जोराने फिरवला तर मान कामातून जाते. तो आवळायचा असेल तर गिटारचे काम करणाऱ्यानेच, एका वेळी पाव वळसा. सतार-तंबोऱ्याच्या कारागिराकडे नेणार असाल तर गिटारचे नट आणि सळ्या त्याने आधी केल्या आहेत का हे विचारून घ्या; हात कितीही कसबी असला तरी रचना निराळी आहे.

गिटार दाखवायला नेण्यापूर्वी कागदी चिकटपट्टीच्या लहान पट्टीवर दोष लिहून ती पोटाच्या मागे लावा: कोणती तार, कोणते घर, भणभण की मुकी, मोकळी वाजते का, हलके छेडल्यावरही होते का, आणि कोणत्या महिन्यापासून. दुकानातल्या गोंगाटात कारागिराला तीच भणभण पुन्हा काढून दाखवणे जमत नाही, आणि ‘कुठेतरी वाजते’ एवढ्यावर त्याने काहीतरी घासून परत दिलेली गिटार मी दोनदा पुन्हा दुरुस्तीला पाठवलेली आहे.